मुलांच्या मूत्रपिंडांवर संशोधन करायचे, तर कोकण सोडावेच लागेल का?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ३२ वर्षांच्या असून बालरोगशास्त्रात एमडी आहेत. दक्षिण कोकणातील किनाऱ्यावरच्या एका उपजिल्हा रुग्णालयात त्या काम करतात. त्यांचे वडील जवळच्याच गावात ३६ वर्षे दवाखाना चालवीत आहेत. वर्षभरापूर्वी एका खलाशाचा पाच वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. सकाळी उठल्यावर त्याच्या पापण्या सुजलेल्या असत आणि डोळ्यांचा त्रास समजून घरच्यांनी दोन महिने थेंब घातले होते. लघवी तपासल्यावर नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडातून प्रथिने लघवीत गळून अंगावर सूज येण्याचा आजार, निघाला. औषधाने सूज उतरली, पण त्यानंतर चार वेळा आजार उलटला आणि दर वेळी आई त्याला घेऊन मुंबईला जाते. या मुलामुळे पत्रलेखिकेला लहान मुलांच्या मूत्रपिंडविकारांवर संशोधन करण्याची ओढ लागली. नीट एसएस या अतिविशेष अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेत चांगले गुण मिळाल्याने उत्तरेतील एका मोठ्या संस्थेत डीएम या एमडीनंतरच्या पदवीची जागा मिळण्याची शक्यता आहे आणि पुढे परदेशात जाण्याचाही विचार आहे. त्यांचे जुने प्राध्यापक सांगतात, ‘संशोधन करायचे असेल तर कोकण विसर.’ वडिलांना दवाखाना कोणाच्या तरी हाती द्यायचा असणार. पती बँकेत आहेत व बदली घ्यायला तयार आहेत. मुलगी तीन वर्षांची आहे. त्या लिहितात : ‘गेले तर इथल्या मुलांना टाकून गेल्यासारखे होईल, राहिले तर माझ्यातली जिज्ञासा मरेल. आणि खरे सांगायचे तर मुलाला बरे करण्यापेक्षा त्याला हे का झाले, याचेच मला जास्त कुतूहल वाटते. डॉक्टरला हे शोभते का?’

प्रिय डॉक्टर,

तुमच्या पत्रात जावे की राहावे हा प्रश्न आधी आला आहे आणि कुतूहलाची कबुली अगदी शेवटी, जणू नाइलाजाने आली आहे. मी सुरुवात त्या कबुलीपासूनच करते, कारण तिचे ओझे मनावर ठेवून घेतलेला कोणताही निर्णय तुम्हाला पुढे टोचत राहील.

त्या मुलाला तुम्ही ज्या मापाने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले, त्या मापामागची हकिकत आठवून पाहा. १९६० च्या दशकात एकेका रुग्णालयात अशी मुले थोडीच येत, म्हणून अनेक देशांतल्या डॉक्टरांनी एकत्र येऊन नोंदी करायचे ठरवले. या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने १९६७ ते १९७४ या काळात ५२१ मुलांच्या मूत्रपिंडांचे तुकडे तपासले. त्यातून असे दिसले की सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे मूत्रपिंड साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ निरोगी दिसते आणि अशा बहुतेक मुलांची सूज स्टेरॉइडने उतरते. आज आपण नव्या नेफ्रोटिक मुलाच्या पाठीत सुई न घालता आधी औषध देऊन पाहतो, ते या कामाच्या बळावर. पण औषध किती दिवस द्यायचे, हे त्या गटाने मुख्यतः अनुभवावरून ठरवले होते : चार आठवडे रोज आणि पुढचे चार आठवडे कमी मात्रेत. नंतर काही लहान अभ्यासांवरून असे वाटू लागले की जास्त दिवस औषध दिले तर आजार कमी वेळा उलटतो, आणि कित्येक ठिकाणी मुलांना पाच-सहा महिने स्टेरॉइड मिळू लागले. फुगलेला चेहरा, न भागणारी भूक, चिडचिड आणि खुंटलेली उंची हे सगळे त्या मुलांनी सोसले.

हा समज खरा आहे का, हे पाहायला बराच काळ जावा लागला. २०१५ मध्ये आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी १८१ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही मुलांना तीन महिने आणि काहींना सहा महिने औषध दिले होते. आजार उलटण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात आठ आणि सोळा आठवड्यांची तुलना झाली आणि पहिल्यांदा आजार उलटेपर्यंतच्या काळात फरक दिसला नाही. ‘फरक नाही’ हे उत्तर वर्तमानपत्रात मथळा होण्यासारखे नाही, पण त्याने असंख्य मुलांच्या आयुष्यातले स्टेरॉइडचे कित्येक महिने वाचवले. ‘हे असे का करायचे?’ एवढ्याच कुतूहलातून निघालेले ते काम होते. ज्या आजाराचे मूळ कारण अजून पुरते कळलेले नाही, त्यात ‘का’ विचारणे हा उपचाराचाच भाग आहे, असे मी मानते.

आणखी एक गोष्ट. तुमचे पूर्ण पत्र माझ्यासमोर आहे. त्यात मुलाच्या वडिलांचे काम आहे, डोळ्यांत घातलेले थेंब आहेत, मुंबईच्या गाडीत आईच्या मांडीवर झोपलेले मूल आहे. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा आकडा मात्र कुठेही नाही. ज्या डॉक्टरला मुलापेक्षा कोडे अधिक प्रिय असते, ती असे पत्र लिहीत नाही.

आता तुमच्या सरांचे वाक्य. ते अर्धे खरे आहे आणि त्यातला कोणता अर्धा भाग खरा, हे नीट पाहायला हवे. कोकणात राहून संशोधन होत नाही, असे आपल्या भागातल्या डॉक्टरला तरी कोणी सांगू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. त्यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून घाम, नाडी, रक्तदाब आणि फुप्फुसात भरणारे पाणी यांच्या नोंदी केल्या, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला. विंचूदंशावरचे प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास काय होते, याचा ७० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कामाची सुरुवात एका आरोग्य केंद्रात आणि हाताने लिहिलेल्या नोंदींत झाली होती.

तरीही हे उदाहरण देऊन तुम्हाला ‘मग राहा इथेच’ असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. विंचूदंशाचा निकाल दोन-तीन दिवसांत लागतो. मूत्रपिंडाचे तसे नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्रपिंडावर जंतुसंसर्गाने पडलेला व्रण पंचविसाव्या वर्षी वाढलेला रक्तदाब होऊन समोर येतो. मूत्रपिंडातल्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, गर्भात साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होतात आणि त्यानंतर एकही नवा तयार होत नाही. त्यामुळे वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मलेले मूल कमी भांडवल घेऊन आयुष्य सुरू करते. या आजारांचा अभ्यास करणाऱ्याला रुग्णाच्या वयाबरोबर स्वतःही म्हातारे व्हावे लागते. शिवाय बायोप्सी वाचायला शिकणे, सहा-सात किलोच्या बाळाचे पोटातून डायलिसिस करणे, प्रत्यारोपण झालेल्या मुलाची औषधे सांभाळणे या गोष्टी एकट्याने पुस्तकातून येत नाहीत. त्यासाठी अशी मुले रोज येणाऱ्या विभागात राहावेच लागते. सरांचे वाक्य तेवढ्यापुरते खरे आहे. शिकण्यासाठी कोकण सोडावे लागेल. ‘विसर’ हा शब्द मात्र त्यांनी उगाच जोडला.

थोडे गणित करू. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६.१५ लाख आणि सिंधुदुर्गची सुमारे ८.५ लाख होती. दोन्ही मिळून पंधरा वर्षांखालची मुले ढोबळपणे पाच लाख धरू. नेफ्रोटिक सिंड्रोमचे नवे रुग्ण वर्षाला दर लाख मुलांमागे २ ते ७ असतात, असे जगभरच्या ग्रंथांत सापडते. म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांत वर्षाला १० ते ३५ नवी मुले. औषधांची तुलना करणारी मोठी चाचणी एवढ्या मुलांत एकट्याने कधीच पुरी होणार नाही. त्यासाठी दिल्ली, बंगळुरू, वेल्लूरसारख्या ठिकाणच्या विभागांशी जोडून घ्यावे लागेल. पण दहा वर्षांत हीच संख्या १०० ते ३५० होते, आणि यातली प्रत्येक सुजलेली पापणी कोणी पहिल्यांदा पाहिली, निदानाला किती दिवस लागले, मूल किती वेळा मुंबईला, कोल्हापूरला किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात गेले, कोणाची शाळा सुटली, कोणाची उंची थांबली, हे सांगू शकणारे मात्र दिल्लीत कोणी नाही. हा आकडा हाती घेऊन पाहिले की राहणे आणि जाणे एकमेकांच्या विरुद्ध उभे राहत नाहीत. शिकायला जाणारी आणि इथली नोंद सांभाळणारी व्यक्ती एकच असू शकते.

इथल्या मुलांचा प्रश्न इथेच का विचारावा लागतो, याचे एक उदाहरण देते. सर्दी-तापात नेफ्रोटिक मुलाचा आजार उलटतो, हे तुम्ही पाहिलेच आहे. अशा वेळी एक दिवसाआड चालू असलेले स्टेरॉइड काही दिवस रोज द्यावे का? दिल्लीत १०० मुलांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचा फायदा दिसला. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनाही दिसला. ब्रिटनमध्ये त्याहून मोठा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये छापून आला आणि त्यात फायदा दिसला नाही. मुले वेगळी, आधीची औषधे वेगळी, कदाचित होणारे संसर्गही वेगळे. मग जून ते सप्टेंबर भिंतींना ओल धरलेल्या घरात राहणाऱ्या, दर पंधरा दिवसांनी नाक वाहणाऱ्या आपल्या मुलाला यातले कोणते उत्तर लागू पडते? तसेच खरजेवर पिकलेल्या पुळ्यांनंतर होणाऱ्या मूत्रपिंडाच्या सुजेचे. पुस्तकात लघवीचा रंग कोलासारखा लिहिलेला असतो. माझ्याकडे आलेल्या एका आजीने मात्र ‘आगळासारखी होते’, म्हणजे कोकमाच्या रसासारखी, असे सांगितले होते आणि मला क्षणात सगळे कळले होते. आपल्या किनाऱ्यावर ही मुले कोणत्या महिन्यात जास्त येतात, पुळ्यांवर वेळेत उपचार झाले तर त्यांची संख्या घटते का, एवढे शोधायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. लघवीची पट्टी, रक्तदाबाचा लहान मुलांच्या मापाचा पट्टा आणि चिकाटी लागते.

तुमच्या पत्रात आणखी एक समज डोकावतो, तो म्हणजे डीएम झाले की संशोधक झाले. तसे होत नाही. तीन वर्षांचा डीएम तुम्हाला आजारी मूत्रपिंडांची उत्तम डॉक्टर बनवील. त्या तीन वर्षांत रात्रपाळ्या, डायलिसिस आणि अतिदक्षता विभागातून आलेले निरोप यांतून प्रबंधापलीकडे काही करायला क्वचितच फुरसत मिळते. म्हणून जागा निवडताना संस्थेच्या नावापेक्षा विभागाची चौकशी करा. तिथे जुन्या मुलांसाठी नेमाचा बाह्यरुग्ण विभाग आहे का, की मूल घरी गेले की विसरले जाते? आधीच्या विद्यार्थ्यांच्या नावाने निबंध छापून आले आहेत का, की सगळे वरिष्ठांच्याच नावाने? आकडेवारी समजावून सांगणारे कोणी संस्थेत आहे का? मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याला मोठ्यांच्या डॉक्टरकडे सोपवण्याची काही व्यवस्था आहे का? सध्याच्या विद्यार्थ्यांना फोन करून हे विचारायला संकोच करू नका. ते खरे सांगतात. साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागेल आणि ते डीएमनंतर लगेच घेतले तर बरे.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगते : जागा मिळाली तर घ्या. मनात हो असताना केवळ अपराधीपणामुळे नाकारलेली जागा माणसाला कडवट करते आणि कडवट डॉक्टर कोणत्याच मुलाच्या कामाची नसते. ज्यांना घरच्या अडचणींमुळे तीन वर्षे बाहेर राहणे खरोखर शक्य नाही, अशा वाचक डॉक्टरांनी निराश होऊ नये. या विषयात एक वर्षाची फेलोशिपही असते, आणि आपल्या जिल्ह्यात नेफ्रोटिक मुलांची नीट देखभाल करायला तीही पुष्कळ उपयोगी पडते.

परदेशाबद्दल इतक्यात ठरवू नका. तुम्ही जनुकांच्या प्रयोगशाळेचे स्वप्न लिहिले आहे. ते चांगले आहे, पण फिनलंडची गोष्ट ध्यानात ठेवा. जन्मतःच नेफ्रोटिक असणाऱ्या बाळांचा आजार तिथे इतर देशांपेक्षा जास्त दिसतो. नीलो हालमन या बालरोगतज्ज्ञांनी १९५६ मध्ये त्याचे वर्णन केले आणि कार्ल ट्रिग्व्हासन यांच्या गटाला त्याचे जनुक १९९८ मध्ये सापडले. नेफ्रिन नावाच्या त्या प्रथिनामुळे मूत्रपिंडाची गाळणी कशी काम करते, हे साऱ्या जगाला नव्याने समजले. प्रयोगशाळेला ते सापडले, कारण चाळीस वर्षे कोणीतरी त्या घराण्यांच्या नोंदी आणि त्या मुलांची देखभाल सोडली नव्हती. तुम्ही परदेशी जाल तेव्हा तुमच्या हाती स्वतःच्या मुलांची नोंद असेल, तर तिथे तुम्ही दुसऱ्याच्या प्रश्नावर काम करणारा आणखी एक हात राहणार नाही. बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतर्फे विकसनशील देशांतल्या डॉक्टरांना प्रशिक्षणासाठी फेलोशिप दिली जाते. वेळ आली की तिची माहिती जरूर काढा.

वडिलांविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे. ‘बाबांना वाटत असणार’, ‘बाबांची इच्छा असणार’ असे तुम्ही चार ठिकाणी लिहिले आहे. बाबा काय म्हणाले, हे एकदाही लिहिलेले नाही. छत्तीस वर्षे एका गावात दवाखाना चालवलेल्या माणसाला आपल्या मुलीने तीच खुर्ची चालवावी असे वाटत असेल, किंवा आपल्याला जे शिकता आले नाही ते तिने शिकावे असेही वाटत असेल. कदाचित दोन्ही. हे तर्काने कळत नाही, विचारावे लागते. आणि आपल्या घरांत हा प्रश्न विचारला जात नाही, म्हणून कित्येक मुले आईवडिलांची न बोललेली इच्छा पाळत आयुष्य काढतात. एखाद्या रविवारी दवाखाना रिकामा झाला की त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा. आणखी एक विचारा : चेहऱ्यावर सूज घेऊन आलेली मुले त्यांनी किती पाहिली, त्यांचे पुढे काय झाले? दवाखाना पुढे चालवण्याचे इतरही मार्ग आहेत. एखादा तरुण एमबीबीएस डॉक्टर सोबत घेता येईल. पण ती चर्चा त्यांच्या तोंडून सुरू होऊ द्या.

पतींची तयारी आहे, हे तुमचे भाग्य. तीन वर्षांच्या मुलीसाठी मात्र रात्रपाळीच्या दिवसांची व्यवस्था आधी ठरवा आणि मगच घर शोधा. याबाबत मला याहून अधिक सांगण्यासारखे नाही, कारण तुम्ही दोघांनी मिळून नीट विचार केलेला दिसतो.

आता त्या मुलाविषयी. त्याला टाकून जात आहोत ही भावना निबंध लिहून जाणार नाही; त्याची नीट सोय लावून दिली तर जाईल. निघण्यापूर्वी त्याच्या आईला रोज सकाळी पहिली लघवी पट्टीने तपासून वहीत लिहायला शिकवा. सलग तीन दिवस पट्टी तीन किंवा चार प्लस दाखवू लागली तर आजार उलटला असे धरून फोन करायचा, सूज येण्याची वाट पाहायची नाही, हे तिला पाठ होऊ द्या. स्टेरॉइड एकाएकी बंद करायचे नाही. अंगावर सूज असताना ताप आणि पोटदुखी सुरू झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. जास्त मात्रेचे स्टेरॉइड चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी द्यायच्या नाहीत, पण न्यूमोकोकसची लस चुकवायची नाही. हे सगळे एका कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि त्याची प्रत तालुक्याच्या डॉक्टरकडे ठेवा. मुंबईच्या ज्या विभागात तो जातो, तिथल्या डॉक्टरांशी स्वतः बोला. चार वेळा आजार उलटलेल्या मुलाला स्टेरॉइडचा भार कमी करणारी दुसरी औषधे द्यावी लागू शकतात. तो निर्णय तुम्ही असतानाच झाला तर उत्तम. वडील समुद्रावर असतात, त्यामुळे तपासणीच्या तारखा आईच्या सोयीने लावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा वडील घरी असतात, पण हातात पैसा नसतो, हेही लक्षात घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळू शकते, हे आताच विचारून ठेवा.

राहिलेल्या महिन्यांत नोंदवही सुरू करा. मूल, गाव, पहिली सूज दिसल्याची तारीख, निदानाची तारीख, प्रत्येक वेळची उंची, वजन, रक्तदाब, लघवी, आणि आतापर्यंत मिळालेले एकूण स्टेरॉइड. उपचारासाठी ठेवलेली नोंद हा एक भाग झाला. तीच पुढे संशोधनासाठी वापरायची असेल तर आधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी घ्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आईवडिलांची संमती तर हवीच, शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकारही हवा. वडिलांच्या जुन्या केसपेपरांनाही हाच नियम लागू आहे. ते कागद तुमच्या घरात असले तरी त्यातली माहिती त्या रुग्णांची आहे.

उंचीवर मी मुद्दाम भर देते आणि हे प्रत्येक तालुक्यातल्या डॉक्टरसाठी आहे. मूत्रपिंड किती काम करते हे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन ०.९ आले की प्रयोगशाळेच्या कागदावर ते ‘नॉर्मल’ छापलेले असते, कारण तिथली मर्यादा मोठ्या माणसांची असते. पण मुलाची उंची १०० सेंटीमीटर असेल तर श्वार्ट्झ यांचे सूत्र लावून पाहा : ०.४१३ गुणिले उंची, भागिले क्रिएटिनिन. उत्तर सुमारे ४६ येते, म्हणजे त्या मुलाचे मूत्रपिंड निम्म्याच्या आसपासच काम करते आहे. उंची न मोजल्यामुळे ही मुले वर्षानुवर्षे निरोगी समजली जातात. पालकांनीही एवढे ध्यानात ठेवावे : सकाळी सुजलेल्या आणि दुपारपर्यंत उतरणाऱ्या पापण्या, लघवीची बारीक किंवा थेंबथेंब पडणारी धार असलेला मुलगा, कारण न सापडता वारंवार येणारा ताप, वयाच्या मानाने न वाढणारी उंची, यांपैकी काही दिसले तर लघवीची साधी तपासणी आणि रक्तदाब मोजून घेण्याचा आग्रह धरावा.

परत येण्याची शपथ आताच घेऊ नका. तीन वर्षांनी तुम्ही कोण असाल, हे आज तुम्हालाही माहीत नाही. परतण्याची वाट मात्र पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अलिबाग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, चिपळूणजवळ डेरवणला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि महाविद्यालय असले की अध्यापक, नीतिमत्ता समिती व विद्यार्थी यांची सोय होऊ शकते. कायमचे परतणे जमले नाही तर महिन्यातून एक दिवस इथे येऊन जुन्या मुलांना तपासणे आणि मधल्या काळात फोनवरून सल्ला देणे, एवढ्यानेही नोंद जिवंत राहील. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये गर्भवती मातांपासून सुरू झालेला पुण्यातल्याच केईएम रुग्णालयाचा अभ्यास पाहा. त्या वेळी पोटात असलेली बाळे आज तिशीत आहेत आणि त्यांची तपासणी करणारा गट त्यांच्या संपर्कात राहिला आहे. ते काम मधुमेहाचे आहे, पण मूत्रपिंडाच्या अभ्यासालाही तोच धीर लागतो.

डीएमच्या प्रवेशासाठी समुपदेशनाची फेरी पुढच्या महिन्यात आहे, असे तुम्ही लिहिले आहे. त्याआधी तुमच्या रुग्णालयातल्या एखाद्या परिचारिकेला नोंदवहीचे काम समजावून द्या आणि महिनाभर तिच्याच हातून ते करून घ्या. चार मुलांची नोंद तिने तुमच्या मदतीशिवाय पूर्ण केली की वही तिच्या ताब्यात द्या, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिला फोन करायचे ठरवून मगच सामान बांधायला घ्या.